मोंतेरेचा कॅसिनो रोयाल: अडीच मिनिटांचं फुटेज आणि त्याच्या आधीची सगळी गोष्ट

मधली_सुट्टी

मेक्सिकोतल्या टोळ्यांवरच्या मालिका पाहून आपल्या डोक्यात एक ठरावीक चित्र बसलंय. डोंगरातली अफूची शेतं, सीमेखालचे बोगदे, सोन्याचा मुलामा दिलेली पिस्तुलं. या धाग्यात त्यातलं काहीही नाही. इथे आहे एक श्रीमंत शहर, भर दुपार, बिंगो खेळायला बसलेल्या बायका आणि पेट्रोलचे कॅन.

मोंतेरे ही नुएवो लेओन राज्याची राजधानी. सिमेंटवाली सेमेक्स इथली, शीतपेयांतली आणि पूर्वी बिअरमधलीही फेम्सा इथली, देशातलं नावाजलेलं तंत्रज्ञान विद्यापीठही इथलंच. सुखवस्तू, कामसू आणि थोडं गर्विष्ठ म्हणून हे शहर देशभर ओळखलं जायचं. "तो रक्तपात तिकडे सीमेवर चालतो, आमच्याकडे नाही" असं म्हणायची सोय या शहराला २०१० पर्यंत होती. त्या वर्षी गल्फ कार्टेल ही अमली पदार्थांची टोळी आणि तिचीच हत्यारबंद शाखा असलेली लोस झेटास यांचं फाटलं आणि मोंतेरे दोघांच्या मध्ये सापडलं. त्याच मार्चमध्ये त्या विद्यापीठाच्या फाटकाशी दोन विद्यार्थी गोळीबारात मेले. जुलै २०११ मध्ये साबिनो गोर्दो नावाच्या बारमध्ये वीस जणांना मारलं. आणि मग २५ ऑगस्ट.

गुरुवार, दुपारी चारच्या सुमारास सान हेरोनिमो रस्त्यावरच्या कॅसिनो रोयालसमोर चार गाड्या येऊन थांबल्या. बाहेरच्या कॅमेऱ्याचं फुटेज नंतर सरकारनेच जाहीर केलं. त्यात गोळीबाराची धुमश्चक्री वगैरे दिसत नाही, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. माणसं उतरतात, कॅन उचलून आत नेतात. दारातून काही लोक पळत बाहेर येतात. थोड्याच वेळात त्याच दारातून काळा धूर उसळतो आणि गाड्या निघून जातात. सगळं मिळून अडीच मिनिटं. सामान उतरवायला आलेल्या टेम्पोलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. त्याआधी यांनीच पेट्रोल पंपावर कॅन भरून घेतले, त्याचंही चित्रण सापडलं.

मेले ५२ जण. बहुतेक बायका. बहुतेकांचा जीव धुराने गेला.

हल्लेखोर आत शिरले तेव्हा लोकांना वाटलं गोळीबार होणार. वर्षभर त्या शहराने तेच पाहिलं होतं. मग कोणीही करेल तेच लोकांनी केलं: दारापासून लांब, आतल्या बाजूला पळाले. स्वच्छतागृहांत, ऑफिसच्या खोल्यांत, वरच्या मजल्यावर. आतून कड्या लावून बसले. बंदुकीपासून वाचायला ही जागा बरोबर होती, धुरापासून वाचायला सगळ्यात वाईट. बरेच मृतदेह तिथेच सापडले. आपत्कालीन दरवाजे बंद होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं. शेवटी यंत्रं आणून भिंती फोडाव्या लागल्या.

राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला आणि याला सरळ दहशतवाद म्हटलं. पण हल्ल्यामागे ना धर्म होता, ना विचारसरणी, ना कसली मागणी. पकडलेल्यांच्या जबाबावरून सरकारने सांगितलेलं कारण एका ओळीचं होतं: खंडणी थकली होती, म्हणून धाक बसवायचा होता.

माझं म्हणणं असं, की अडीच मिनिटांत कॅनवाल्यांनी जे केलं ते शक्य व्हावं म्हणून कित्येक वर्षं कित्येक जण राबत होते. परवाना देणारे, बांधकामाकडे कानाडोळा करणारे, दर आठवड्याला पाकीट उचलणारे. तुम्हाला काय वाटतं? भर घाला, खोडून काढा.

वाचनमात्र

वाचतोय. एक प्राथमिक शंका: झेटास म्हणजे सैन्यातून फुटलेले कमांडो ना? त्यांना असल्या भुरट्या हप्तेबाजीची गरज काय? कोकेनमध्ये पैसा कमी होता का?

हिशेबनीस

@वाचनमात्र, प्रश्न प्राथमिक नाही, मुळाचा आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गल्फ कार्टेलचा म्होरक्या ओसिएल कार्देनास याने लष्कराच्या विशेष दलातले काही जवान स्वतःच्या संरक्षणासाठी फोडले. तिथून झेटासची सुरुवात. जुनी कार्टेल्स मुळात व्यापारी. कोलंबियातला माल, ठरलेले रस्ते, सीमेपलीकडची गिऱ्हाइकं, दोन पिढ्यांच्या ओळखी. झेटास होते त्यांचे पगारी रखवालदार. मालकापासून फुटले तेव्हा त्यांच्याकडे बंदुका होत्या, शिस्त होती, पण धंद्याच्या ओळखी तेवढ्या नव्हत्या. मग जे जवळ आहे तेच विकायचं, म्हणजे भीती. ज्या गावात बस्तान बसेल तिथल्या प्रत्येक कमाईवर कर. टपरीवाला, दारूचा गुत्ता, जुन्या गाड्यांचा बाजार, अमेरिकेकडे निघालेले स्थलांतरित, सरकारी पाइपलाइनमधलं चोरीचं पेट्रोल. ऑगस्ट २०१० मध्ये तामाउलिपासमधल्या सान फर्नांडोला ७२ स्थलांतरितांना मारलं, तेही यांनीच.

आता या हिशेबात कॅसिनो कुठे बसतो बघा. सगळा व्यवहार रोख. गल्ला रोज भरतो. जागा बदलता येत नाही. परवान्याचे कागद जेमतेम धड, त्यामुळे मालक पोलिसांकडे जायला आधीच कचरतो. खंडणीवाल्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक सापडणार नाही.

आणि थकबाकीसाठी दुकान जाळून टाकलं तर पुढची वसुली बुडते, मग जाळलं कशाला? कारण जाळतात ते त्या एका दुकानाकडून वसूल करायला नाही. उरलेल्या शंभर जणांनी वेळेवर द्यावं म्हणून.

उंटावरचा_शहाणा

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टी कडू लागतील. एक, जुगाराचा अड्डा तो जुगाराचा अड्डा. तिथे जाणाऱ्याला गावात काय चाललंय हे माहीत नव्हतं का? दोन, मालकाने पैसे दिले असते तर ५२ जण वाचले असते. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण दुसऱ्यांच्या जिवावर कशाला?

चौकस_भवानी

शहाणे, उंटावरून जरा खाली उतरा.

"जुगाराचा अड्डा" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर काय येतंय ते कळतंय. गुरुवारी दुपारी तिथे कोण होतं? मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या बायका. बिंगोची तिकिटं घेऊन मैत्रिणींबरोबर बसलेल्या. आणि वेटर, रोखपाल, साफसफाई करणारे कर्मचारी. मेक्सिकोतल्या शहरांमध्ये हे कॅसिनो म्हणजे बरंचसं बिंगो, स्लॉट मशीन आणि स्वस्तातलं जेवण. घरातल्या कोणालाच दुपारी वेळ नसतो तेव्हा एखादी आजी जिथे जाऊन बसेल, तशी जागा. हल्ल्यानंतर मोंतेरेतल्या कुटुंबांना पहिले काही दिवस हेच ऐकावं लागलं, "पण ती तिथे गेलीच कशाला?" आई गेली, वर तिच्या चारित्र्याचा खुलासा द्यायचा.

दुसरा मुद्दा. पैसे दिले असते तर त्या आठवड्यात आग लागली नसती, मान्य. पुढच्या महिन्यात रक्कम वाढली असती. नाहीतर दुसरी टोळी येऊन म्हणाली असती, आता आम्हाला द्या. शहरात दोन टोळ्या भांडत असताना एकीला पैसे देणं म्हणजे दुसरीला आमंत्रण.

उंटावरचा_शहाणा

बरं, "अड्डा" शब्द मागे घेतो. पण मालकाची जबाबदारी राहतेच की नाही? धोका माहीत असूनही दारं उघडी ठेवलीच ना.

चौकस_भवानी

दारं उघडी ठेवली असती तर बरंच झालं असतं. तक्रार बंद दारांचीच आहे.

ठिणगी

माझं काम अग्निसुरक्षेचं. मूळ लेखातला "आत पळाले" हा भाग वाचल्यावर राहवलं नाही.

मोठ्या सभागृहाला आग लागली की लोक नेहमी ज्या दाराने आले त्याच दाराकडे धावतात. बाजूला हिरवा दिवा लावलेलं दुसरं दार असलं तरी तिकडे नजर जात नाही, कारण त्या दारातून ते कधी गेलेलेच नसतात. आमच्या क्षेत्रातला हा जुना आणि हजारदा अनुभवलेला धडा. इथे आग मुख्य दाराशीच लावली, म्हणजे सवयीची वाट पहिल्या मिनिटातच बंद. उरली दुसरी दारं, आणि त्यांच्याबद्दल वाचलेले काय सांगतात ते वर आहेच.

पेट्रोलची आग लाकडासारखी हळूहळू धरत नाही. जमिनीवर ओतलेल्या पेट्रोलची वाफ आधी पसरते, मग सगळं एकदम पेट घेतं. त्यात कॅसिनोची सजावट: गालिचे, फोमच्या खुर्च्या, आवाज दबवायला भिंतींना लावलेलं कापड, खाली घेतलेलं छत आणि खिडक्या नाहीत. खिडक्या मुद्दाम ठेवत नाहीत, बाहेर अंधार पडलाय हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. फोम जळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. धूर छताला भिडतो, साचतो आणि तिथून खाली उतरत येतो. डोक्याच्या उंचीला पोचला की काही श्वासांत माणूस भेलकांडायला लागतो. हाताला कडी लागते, पण ती कशी उघडायची हे सुचत नाही.

स्वच्छतागृहात शिरून दार लावणाऱ्याला वाटतं, नळ आहे, पाणी आहे, फरशी आहे, इथे जळणार काय? जळत काहीच नाही. दाराच्या फटीतून आणि छताच्या पोकळीतून धूर येतो. अशा खोल्यांत सापडलेल्या कित्येकांच्या अंगावर भाजल्याची खूणही नसते.

सुटकेचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं आणि नुसत्या अंगाच्या रेट्याने उघडायला हवं. किल्ली नको, कडी नको. पण पैसे न देता कोणी सटकू नये, कामगारांनी माल मागच्या दाराने नेऊ नये म्हणून नेमकी हीच दारं कुलुपात असतात. जगभर. याला टोळी लागत नाही, साधा कंजूष व्यवस्थापक पुरतो.

वाचनमात्र

ठिणगी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, प्लीज.

मधली_सुट्टी

ठिणगी, मनापासून आभार. या बाजूने मी विचारच केला नव्हता.

आता परवान्याची भानगड, कारण "मालकाची जबाबदारी" निघालीच आहे. मेक्सिकोत जुगाराचा कायदा १९४७ चा. परवाना देतं केंद्राचं गृहखातं. २००४ मध्ये नवे नियम आले आणि त्यानंतर असे कॅसिनो भराभर वाढले. पण इमारतीची आणि बांधकामाची परवानगी नगरपालिकेची. त्यामुळे आग विझायच्या आत आरोपांची साखळी सुरू. पालिका म्हणाली, आम्ही मे महिन्यात वाढीव बांधकामावरून हा कॅसिनो बंद केला होता, न्यायालयाच्या स्थगितीमुळे उघडला. राज्याचं बोट केंद्राकडे, केंद्राचं पालिकेकडे. राज्यात पीआरआय पक्षाचे गव्हर्नर रोद्रिगो मेदिना, शहरात आणि केंद्रात त्यांचा विरोधी पॅन पक्ष. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. बाकी तुम्ही ओळखालच.

आणि काही दिवसांतच तिथल्या वर्तमानपत्राने एक चित्रफीत छापली. महापौर फर्नांदो लारासाबाल यांचे भाऊ एका कॅसिनोत नोटांची बंडलं घेताना. (कॅसिनो रोयालमध्ये नव्हे, दुसऱ्या ठिकाणी.) त्यांचा खुलासा काय असावा? ओहाकाहून आणलेलं चीज विकतो, त्याचे पैसे! त्यांना ताब्यात घेतलं, पुढे सोडलं. महापौरांच्या स्वतःच्याच पक्षाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, ते झाले नाहीत. शोकात बुडालेल्या त्या शहरात चीजवरून इतके विनोद झाले की विचारू नका.

टवाळ

चीजला एवढा भाव मिळत असेल तर आम्ही उगाच नोकऱ्या करतोय.

रानवारा

काल्देरोन यांच्या भाषणातला अर्धा रोख अमेरिकेवर होता, तो धाग्यात राहून गेला. त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की तुम्ही ड्रग्ज खाणं कमी करा आणि आमच्या गुन्हेगारांना शस्त्रं विकणं थांबवा. अमेरिकेतली असॉल्ट रायफलींवरची बंदी २००४ मध्ये संपली. त्यानंतर सीमेलगतच्या दुकानांतून रायफली बिनबोभाट दक्षिणेकडे गेल्या, हे त्यांचं गाऱ्हाणं खरंच होतं. त्याच २०११ मध्ये अमेरिकेच्या शस्त्रविभागाची "फास्ट अँड फ्युरियस" मोहीम उघडी पडली होती. माग काढायचा म्हणून बंदुका जाऊ दिल्या आणि मागच हरवला.

चौकस_भवानी

रानवारा, गाऱ्हाणं खरं आहे, पण या घटनेत ते सोयीचंही होतं. त्या दुपारी ५२ जणांना अमेरिकन रायफलीने मारलं नाही. पेट्रोल मेक्सिकोचं होतं, सरकारी तेलकंपनी पेमेक्सचं. परवाना मेक्सिकोचा, कुलपं मेक्सिकोची. पकडलेल्यांमध्ये राज्याचा एक पोलीसही होता. त्यातलं काहीच वॉशिंग्टनहून आलेलं नव्हतं.

रानवारा

बंदुकांमुळेच तर लोक आत पळाले ना? वर्षभर गोळीबार झाला नसता तर आग बघून बाहेर धावले असते. ही भीती तयार करणारी हत्यारं कुठून आली, एवढंच म्हणतोय.

चौकस_भवानी

हं. हे मान्य.

हिशेबनीस

पुढे काय झालं ते थोडक्यात.

लगोलग सुमारे तीन हजार जवान आणि केंद्रीय पोलीस शहरात पाठवले. हल्लेखोरांच्या माहितीसाठी तीन कोटी पेसोंचं बक्षीस लावलं. चार दिवसांत पहिले पाच जण पकडले. म्होरके म्हणून ज्यांची नावं आली ते नंतरच्या महिन्यांत हाती लागले. इतर कॅसिनोंवर धाडी घालून हजाराहून जास्त स्लॉट मशीन जप्त केली. आगीनंतर यांना कळलं की ती बेकायदा आहेत, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

माझ्या मते खरा बदल वेगळाच. राज्याने "फुएर्सा सिविल" नावाचं नवं पोलीस दल उभं केलं. जुन्या दलातली खोगीरभरती नको म्हणून माणसं बाहेरच्या राज्यांतूनही घेतली, पगार चांगले दिले, राहायला वेगळ्या वसाहती दिल्या, म्हणजे पोलिसाच्या बायकामुलांना कोणी गल्लीत गाठून धमकावू नये. भरतीच्या जाहिरातीपासून पुष्कळ कामात मोंतेरेच्या मोठ्या कंपन्यांनी हात लावला. पुढच्या दोन-तीन वर्षांत शहरातले खून बरेच खाली आले.

पण याची दुसरी बाजू बोचते. हे जमलं कारण शहरात सेमेक्स आणि फेम्सा होत्या. कारखानदारांना आपलं शहर वाचवणं परवडलं. शेजारच्या तामाउलिपासमधल्या गावांच्या मदतीला कोण जाणार होतं?

झेटासचा म्होरक्या लास्कानो २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये नौदलाच्या कारवाईत मेला आणि त्याचं प्रेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थेतून हत्यारबंद लोकांनी पळवलं. त्याच्यानंतरचा मिगेल त्रेविन्यो २०१३ मध्ये पकडला गेला. त्याला अमेरिकेच्या हवाली करायला २०२५ उजाडलं. बारा वर्षं!

उंटावरचा_शहाणा

म्हणजे शेवटी बंदुकीनेच प्रश्न सुटला. हेच मी म्हणणार होतो.

हिशेबनीस

सुटला कुठे? झेटास फुटले, त्यांचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी तोच धंदा करतायत. २७ ऑगस्ट २०१९ रोजी वेराक्रूझ राज्यातल्या कोआत्साकोआल्कोसमध्ये "काबायो ब्लांको" या बारवर हल्ला झाला. बाहेर पडायच्या वाटा अडवल्या आणि पेटत्या बाटल्या आत फेकल्या. तीसच्या आसपास माणसं गेली. नवे राष्ट्राध्यक्ष, नवा पक्ष, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र आणि राज्याचं सरकारी वकील खातं एकमेकांवर खापर फोडायला हजर. संशयिताला आधी पकडलं होतं, तर सोडला कोणी, यावरून. आठ वर्षांत काय शिकले ते तुम्हीच सांगा.

ठिणगी

काबायो ब्लांकोच्या वेळी तर हल्लेखोरांनाच कळलं होतं की मारतो तो धूर. म्हणून वाटा अडवल्या.

वाचनमात्र

मेलेल्यांच्या घरच्यांचं काय झालं? भरपाई, खटले? त्यावर फारसं कोणी लिहीत नाही.

मधली_सुट्टी

इमारतीसमोर त्यांनी क्रॉस उभे केले, त्यावर गेलेल्यांची नावं. दर २५ ऑगस्टला तिथे प्रार्थना होते. खटले वर्षानुवर्षं रेंगाळले. कॅन वाहणाऱ्यांवर चालले, परवाना देणाऱ्यांपर्यंत कोणी पोचलंच नाही, ही कुटुंबांची कायमची तक्रार. त्याच २०११ मध्ये कवी हाविएर सिसिलिया यांनी मुलाच्या खुनानंतर देशभर शांतीमोर्चे काढले होते. त्या रेट्यातून जानेवारी २०१३ मध्ये बळींच्या हक्कांचा कायदा आला. कागदावर चांगला आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात नातेवाइकांची किती वर्षं जातात ते त्यांनाच ठाऊक.

आणि हो, कॅसिनोच्या मालकांबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. त्यांच्यापैकी एक जण २०२४ मध्ये मिस युनिव्हर्स स्पर्धेचा सहमालक झाला.

टवाळ

काय? आपण टीव्हीवर बघतो तीच मिस युनिव्हर्स?

मधली_सुट्टी

तीच. त्या आगीसाठी त्याला शिक्षा झालेली नाही, हेही लिहायला हवं. हल्ला त्याच्या धंद्यावर झाला होता, त्यामुळे कागदोपत्री तो पीडितांच्या बाजूचा. पण दारांचा प्रश्न त्याला दर वेळी विचारला जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पर्धेवरून वाद पेटला तेव्हाही मोंतेरेतल्या कुटुंबांची नावं पुन्हा बातम्यांत आली. त्यांच्यासाठी तो वाद चौदा वर्षं जुना होता.

चौकस_भवानी

त्या वादावर वेगळा धागा काढ गं. इथे सौंदर्यस्पर्धा आली की पन्नास प्रतिसाद त्यावरच पडतील.

मधली_सुट्टी

काढते उद्या. ठिणगी, तुम्हीही तुमचा काढा, वाचनमात्र वाट बघतायत.